मांजरपाटवाले श्रावणजी

श्रावणजी कफनाचं कापड अंगावर घेऊन पाहत असत. माझ्या गांधीबागेतल्या दुकानात चपला काढून ते पांढऱ्या गादीवर उताणे झोपत, डोळे मिटत आणि म्हणत, "टाका जी." मी मांजरपाट टाकायचो. पाय उघडे राहिले की आतून आवाज यायचा, "आखूड आहे."

समोर लग्नाचा बस्ता बांधायला बसलेली मंडळी हे पाहून उठून जात. असे किती बस्ते गेले, ते मी अजून विसरलेलो नाही. कुहीच्या बाजारात खांद्यावर गाठोडं घेऊन फिरलेला माणूस मी. गिऱ्हाईक उठलं की माझं डोकं फिरतं.

"कफनाले कोणी माप पाहते का?" मी ओरडायचो.

"तो बोलून नाही राहिला ना शेठ, म्हणून मी बोलून राहिलो."

मिलमधून निवृत्त झालेले हे गृहस्थ बेवारस प्रेतांना अग्नी देण्याचं मंडळ चालवत. मंडळात कागदावर बरीच नावं होती, पण हातगाडी ओढायला एकटे श्रावणजी. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. अलीकडे सरकारी दवाखान्यातून घाटाकडे जाताना ते मध्येच छाती धरून बसत. प्रेत उन्हात, हे फुटपाथवर. येणारे-जाणारे दोघांनाही वळसा घालून जात.

त्या सुमारास सेवाभावी संस्थांनी आपली प्रसिद्धी कशी करावी, यावर नागपुरात एक परिषद भरली. शेवटी एक ट्रस्ट त्यातल्या एका संस्थेला मोटारगाडी देणार होता. श्रावणजींना ती गाडी हवी होती. "चला शेठ, तुमाले बोलता येते," म्हणून मला ओढून नेलं. स्वतः हातगाडीसकट आले आणि सभागृहाबाहेर अँबॅसिडरांच्या रांगेत ती नीट सरळ लावली.

"ही काहून आणली?"

"निरोप आला तर इथूनच जाईन."

व्यासपीठावर मुंबईचे जाहिरातवाले साहेब होते. ते म्हणाले, "संस्था म्हणजे साबणाची वडी समजा. लोक वेष्टन पाहून वडी उचलतात. तुमचं वेष्टन काय?"

श्रावणजी उभे राहिले. "मांजरपाट," ते म्हणाले.

सभागृह हसलं. ते हसले नाहीत. त्यांना प्रश्न सरळ वाटला होता. साहेबांनी सल्ला दिला, मंडळाच्या नावातून 'प्रेत' काढा आणि लाभार्थ्याचा एखादा हसरा फोटो छापा.

"हसरा?" श्रावणजींनी मला हळूच विचारलं. "कुठून आणू गा?"

चहाच्या सुट्टीत मी ट्रस्टच्या व्यवस्थापकाला कोपऱ्यात गाठलं. त्याला ट्रस्टच्या शेठजींचं नाव गाडीच्या चारही बाजूंना हवं होतं, मी दोन दारांवर आणलं. तो जुनी गाडी पुढे करत होता, मी नवी कबूल करून घेतली. शेवटी त्याची एकच अट उरली. बेवारस प्रेताचा पोलीस फोटो काढतात, त्याची एक प्रत श्रावणजींकडे असे. त्यातला एक चेहरा गाडीवर मोठा करून रंगवायचा, म्हणजे लोकांना पाझर फुटेल. मी हात मिळवला. इतका चोख सौदा मी कापडातसुद्धा केला नव्हता.

श्रावणजींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या माणसासमोरच म्हणाले, "नाही जमत जी."

"काहून नाही जमत?" माझा आवाज चढला.

"त्याची माय असंल ना कुठंतरी. पोरगा नागपुरात कमावून राहिला, असं समजत असंल. तिनं भर बजारात त्याले असा पाहावा का?"

गाडी गोशाळेला गेली. गाय फोटोत फार छान दिसत होती.

माझा ठरलेला सौदा आजवर कोणी मोडला नव्हता. परतताना मी रस्ताभर त्यांना बोललो. ते हातगाडी ओढत राहिले.

"हीच हातगाडी ओढता ओढता मराल एक दिवस! मग?"

श्रावणजी थांबले. "तेच विचारायचं होतं तुमाले. पोलीस म्हणतील, कोणाचा माणूस. तुम्ही सांगाल का, आमचा म्हणून?"

"सांगीन. ओळखीचे आहेत म्हणीन."

"ओळखीवर प्रेत देत नाहीत. नातं लिहा लागते."

"मग दूरचा नातेवाईक म्हणीन."

"दूरच्याले चकरा मारायला लावतात." त्यांनी घाम पुसला. "सख्खा भाऊ म्हणा ना."

"आडनाव वेगळं आहे, श्रावणजी."

"मावसभाऊ म्हणा मग."

कापडाचा भाव या माणसानं कधी पाडून मागितला नव्हता. माझा राग अजून उतरला नव्हता, तरी मी म्हटलं, "मावसभाऊ. कबूल."

"मग तुमच्या मायचं नाव सांगा शेठ. पोलिसांनी विचारलं तर दोघी बहिणी होत्या, असं सांगा लागंल."

मी म्हटलं, "सखूबाई."

"माझी राधाबाई."

त्यांनी पुन्हा गाडी उचलली. माझ्या गल्लीचं वळण येईपर्यंत ते ती दोन नावं जोडीनं पुटपुटत होते. सखूबाई, राधाबाई.