वरिष्ठ लिपिकाची गळती

आमच्या टिंगीला सात वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात मी एक निर्णय घेतला. (मी निर्णय घेतला की बायको घरातल्या फुटण्यासारख्या वस्तू उचलून माळ्यावर ठेवते, ते सोडा.)

टिंगी झोपेत गादी ओली करायची. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाचदा नक्की. आणि दोन-अडीच महिन्यांनी तिच्या शाळेचं शिबिर होतं, तीन रात्रींच्या मुक्कामाचं. वर्गातल्या सगळ्यांनी नावं दिली होती. आमच्या लेकीने मात्र सूचनेचा कागद घडी घालून चपलांच्या कपाटात लपवला होता. तो सापडला तेव्हा तिने तो परत तिथेच खुपसला आणि ती एवढंच म्हणाली, "मला शिबिरं आवडत नाहीत." तोवर ती एकाही शिबिराला गेली नव्हती.

शिबिराआधी गादी कोरडी करायचीच, हा माझा निर्णय. आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "यात तिची काही चूक नाही. पुष्कळ मुलांना होतं, वयानुसार जातं. रागवायचं नाही. घाई असेल तर अलार्म मिळतो. चड्डीला एक बिल्ला लावायचा, दंडाला पट्टा. ओल लागली की वाजतो. पण सुरुवातीला ती आपली आपण उठणार नाही. तुमच्यापैकी एकाने उठून तिला जागं करायचं आणि बाथरूमला न्यायचं. दोन-तीन महिने, न कंटाळता."

यातलं 'अलार्म मिळतो' एवढंच मी ऐकलं. उरलेलं बायकोने ऐकलं. आमच्या संसारातली कामं साधारण अशीच वाटलेली आहेत.

डॉक्टरीणबाईंनी सुचवलेला अलार्म अगदी साधा होता, नुसता वाजायचा. मी ॲपवाला आणला. तो वाजायचा, मोबाइलवर संदेश पाठवायचा आणि महिन्याचा आलेखही काढायचा. (आलेख कशाचा, हे मला दुकानदाराला विचारवलं नाही.) ॲप मराठीत होतं, पण ती मराठी कोणीतरी डोळे मिटून केलेली होती. नोंदणी झाल्यावर पडद्यावर आलं, 'अभिनंदन! आपला द्रव आता सुरक्षित आहे.' अठरा वर्षांखालचं नाव ते घेईना, म्हणून मी माझंच नाव घातलं. वय बेचाळीस. घरचा पत्ता.

पहिल्याच रात्री तो असा वाजला, की जणू स्वयंपाकघरात ट्रक मागे येतोय. बायको उठली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कवायत मास्तर उठले. मागच्या गल्लीतली कुत्री उठली. फक्त दोघं उठले नाहीत, टिंगी आणि मी.

"रात्री वाजला," सकाळी बायको म्हणाली.

"हो? कधी?" मी विचारलं.

तिने चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरातच ठेवला.

असं आठवडाभर चाललं. शेवटी डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन ती म्हणाली, "अलार्म आणलात तुम्ही, उठते मी. याला काय म्हणायचं हो?"

"कामाची विभागणी," मी म्हणालो. (हे मी बोलायला नको होतं.)

प्रायश्चित्त म्हणून मी त्याच दिवशी ॲपमध्ये शिरलो. तिथे 'काळजी घेणाऱ्यांचा गट निवडा' अशी सोय होती. अलार्म वाजला की गटातल्या सगळ्यांना संदेश जाणार, आणि माझा मोबाइल उशीखाली कोकलणार. उत्तम! मी 'घरचे' हा गट निवडायला गेलो. आता माझं बोट जाड, चष्मा बाथरूममध्ये, आणि माझ्या मोबाइलमधल्या गटांच्या यादीत 'घरचे'च्या बरोबर वर होता 'गळती विभाग'.

हे सांगायचं राहिलंच. मी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लिपिक आहे, गळती तक्रार विभागात. शहरात कुठेही पाइप फुटला की तक्रार माझ्या टेबलावर येते आणि तिथे काही दिवस विश्रांती घेते. आमची माणसं सरासरी अकराव्या दिवशी जागेवर पोचतात. तोपर्यंत बऱ्याच नागरिकांनी त्या पाण्यात बाग फुलवलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावरची बेल वाजली. दारात आमच्या विभागाचे मुकादम उभे. मागे चार माणसं, टिकाव, फावडी, पहार.

"साहेब, कुठंय?" मुकादमांनी विचारलं.

"काय कुठंय?"

"गळती. रात्रीपासून एकच संदेश पाचदा आला. म्हटलं, आपल्याच साहेबांचं घर, अकरा दिवस कशाला लावायचे?"

मी काही बोलायच्या आत एकजण बैठकीच्या खोलीत आला. पाण्याचा आवाज ऐकायची लोखंडी कांडी त्याने फरशीला टेकवली आणि तिला कान लावला. "येतोय आवाज. खळखळ आहे."

ते वरचे मास्तर गुळण्या करत होते.

दुसऱ्याने उंबऱ्याजवळच्या फरशीवर टिकाव उगारला. मी ओरडलो. तेवढ्यात मास्तरही तोंड पुसत खाली आले आणि म्हणाले, "यांच्याकडे रोज रात्री भोंगा वाजतो, त्याचाही बंदोबस्त करा!"

"थांबा, नीट वाचतो," मुकादम म्हणाले आणि सरकारी पत्र वाचावं तसे खणखणीत आवाजात मोबाइल वाचू लागले. "ओल आढळली. प्रमाण भरपूर. त्वरित लक्ष द्यावे." मग खाली माझं नाव. पुढे मात्र त्यांचा आवाज उतरत गेला. "वय बेचाळीस. झोपेतील घटना क्रमांक सहा. कृपया... चड्डी बदलावी."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, जरा खाली.

"अहो, भलतंच काय! ते माझं नाही, माझ्या मु..." एवढं बोललो आणि मला आतल्या खोलीच्या दारात टिंगी दिसली. केस विस्कटलेले, दंडाला पट्टा तसाच. तिने फक्त फ्रॉकची बाही ओढून पट्टा झाकला.

मी आयुष्यात फारसा कधी शूर झालेलो नाही. ऑफिसात तर नाहीच. पण त्या बाहीकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "माझंच आहे. लहानपणापासून."

मुकादमांनी टोपी काढली. माणसांनी आवाज न करता टिकाव खाली ठेवले. "आधी सांगायचं, साहेब," मुकादम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "जुनी लाइन म्हटली की गळायचीच. त्यात लाजायचं काय?"

अकरा वाजता मी ऑफिसात पोचलो तेव्हा माझ्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या गायब होता. गादीची खुर्ची जाऊन तिथे प्लास्टिकची आली होती. टंकलेखिका माझ्याशी हळू, सुट्या सुट्या शब्दांत बोलू लागली. (या आजारात कान जातात असा तिचा समज असावा.) मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुमचा प्रशिक्षणाचा दौरा मी रद्द केलाय. मुक्कामाचा होता ना." ज्या दौऱ्यासाठी मी तीन वर्षं त्यांच्या विनोदांना हसलो होतो, तोच तो दौरा. आणि दुपारी लेखापाल दार लोटून आत आले. "माझ्या मेव्हण्यासाठी विचारतोय हं, हे यंत्र मिळतं कुठे?" त्यांना एकही बहीण नाही आणि त्यांचं लग्नही झालेलं नाही.

संध्याकाळी टिंगीने विचारलं, "बाबा, खरंच लहानपणापासून?"

"खरंच."

"मग तू रडायचास?"

"कधीकधी."

ती सरकून मला चिकटून बसली. नंतर चपलांच्या कपाटाशी गेली आणि शिबिराचा कागद आईला नेऊन दिला.

त्या रात्रीपासून मी उठू लागलो. म्हणजे अलार्म वाजला की बायको मला लाथ घालायची आणि मी टिंगीला उठवायचो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच, फक्त आठ रात्री उशिरा. काही आठवड्यांनी मोठं तळं होतं त्या जागी लहानसा डाग राहिला. मग टिंगी वाजताक्षणी उठू लागली, मग वाजायच्या आधीच. मधे दोनदा पुन्हा तळं झालं. कोणी रागावलं नाही. शिबिराच्या आधीचे दहा दिवस गादी कोरडी होती.

ती गेली त्या तीन रात्री आम्ही दोघं अलार्मशिवाय जागे होतो. चौथ्या दिवशी ती परतली आणि तासभर कोणाच्या तरी बुटात सापडलेल्या बेडकाबद्दल बोलली. गादीचा विषय तिने काढला नाही. आम्हीही काढला नाही.

झोपताना मात्र ती माझ्यासमोर उभी राहिली. हातात पुसून लख्ख केलेला बिल्ला आणि पट्टा. "मला आता नको. आता तुझी पाळी."

बायकोने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मी काय करणार? खोटं बोललो होतो, असं त्या डोळ्यांकडे बघून सांगवेना. बिल्ला लावला. पट्टा दंडावर चढेना, तो मनगटाला बांधला.

पहाटे कोणीतरी माझा हात ओढत होतं. मनगट कर्कश कोकलत होतं, बायको ढिम्म घोरत होती, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी टिंगी म्हणत होती, "ऊठ बाबा. चल. कोणी रागवत नाही."

तिने मला हाताला धरून बाथरूमपर्यंत नेलं, दिवा लावला आणि ती बाहेर थांबली.

"टिंगे," मी आतून म्हणालो, "अगं, हा नुसता घाम आहे. उकडतंय ना किती."

"हो बाबा," बाहेरून अतिशय समजूतदार आवाज आला. "माझाही घामच असायचा."