दोन उजव्या हातांची खुर्ची

खुर्चीचे दोन्ही हात उजवेच निघाले, हे कार्यशाळेत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आलं ते बाईंच्या घरी, त्यांची आई खुर्चीत बसल्यावर.

बाई तंत्रशाळेत वस्तू घडवायला शिकवायच्या. खऱ्या माणसासाठी खरी वस्तू करायची, हा त्यांचा हट्ट. यंदा त्यांनी मुलांपुढे आपली आईच ठेवली. वडील गेल्यापासून आई पलंगाच्या कडेला बसून असायची. विचारलं तर हो-नाही, पुढे शब्द नाही. गुडघ्यांमुळे उठवत नाही, म्हणायची. आधाराची खुर्ची मिळाली तर निदान स्वयंपाकघरापर्यंत येईल, एवढीच बाईंची आशा.

डावीकडचा हात बाहेर वळायला हवा होता, तो आत वळून आजींच्या पोटाला टेकला होता.

"आम्ही डावाच केला," खुर्ची घेऊन आलेल्या मुलांतला लंबू म्हणाला.

"कुठून बघून?" चष्मेवालीने विचारलं.

"समोरून."

"अरे शहाण्या, आजी खुर्चीसमोर उभ्या राहणारेत का?"

लंबूने शक्कल लढवली. हात उलटा बसवला. वळण बाहेर गेलं खरं, पण तळव्यासाठी कोरलेली खोलगट जागाही खाली गेली.

"मी काय वटवाघळासारखी खालून लटकू?" आजी म्हणाल्या.

कित्येक दिवसांतलं आईचं हे सर्वांत लांब वाक्य. बाईंनी मान खाली घालून स्क्रू काढायला घेतले.

नवा डावा हात आला, तो बोटभर उंच. माप घेताना आजी कलल्या होत्या म्हणे.

"आजी, सरळ बसायचं ना!" लंबू म्हणाला.

"मी सरळच होते. तुझी पट्टी कलली होती." असं म्हणत आजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या आणि मुलांसाठी चहा टाकायला गेल्या. "साखर कोणाला कमी?" आतून आवाज आला.

पुढच्या खेपेला मात्र सगळं जमलं. बाईंनी खुर्ची हलवून पाहिली, दाबून पाहिली. ढिम्म.

"सुटलो!" लंबू म्हणाला. "आजी, आता नाही हं त्रास देणार तुम्हाला."

आजी खुर्चीत बसल्या. खुर्चीचे दोन्ही हात चाचपले.

"डुगडुगतेय," मग म्हणाल्या.

"कुठे? अजिबात नाही!" चष्मेवाली म्हणाली.

"बसणाऱ्याला कळतं."

बाई वाकल्या. चारही पाय फरशीवर असे टेकले होते, की खालून कागदही सरकला नसता. त्यांनी वर पाहिलं. आई दारातल्या मुलांच्या चपलांकडे बघत होती.

"खरंय," बाई उठत म्हणाल्या. "फारच डुगडुगतेय. उद्या या रे सगळे."