बाशानाच्या राजाची जागा

शत्रूशिवाय राष्ट्र उभं राहत नाही आणि बाहेरच्या माणसाशिवाय शत्रू. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या एका गावातल्या चर्चला हे सत्य फार पूर्वीच उमगलेलं असल्यामुळे, तिथल्या बायबलवरच्या उन्हाळी नाटकात इस्रायली हे मूळ गावकरी असतात आणि त्यांच्या हातून मरणारा बाशानाचा राजा ओग हा गावात नवा आलेला असतो. (पद्धत अत्यंत न्याय्य आहे. रंग बघत नाहीत. आडनाव एका दमात वाचता येतं का, एवढंच बघतात.)

२०१३ साली हा मान गौरांग टेंभुर्णीकरकडे आला. ओग हा राक्षसवंशातला शेवटचा; त्याचा लोखंडी पलंग नऊ हात लांब होता.

"आणि तू पाच फूट चार," बायको सुरुची म्हणाली. "पलंगावर चढायला शिडी देणारेत का?"

"अगं, एकदा मेलं की पुढच्या वर्षी इस्रायली करतात. मग बिअरच्या टेबलावर जागा मिळते."

गौरांगला ती जागा हवी होती. एरवी गावाने त्याला हाक मारली होती ती फक्त कचरा चुकीच्या डब्यात टाकला म्हणून.

घात गुणवत्तेने केला. मोटारींच्या कारखान्यात गौरांग चाचणीसाठी गाड्या भिंतीवर आपटण्याच्या विभागात होता. आधी गुडघे, मग कंबर, शेवटी मान, असा तो शास्त्रशुद्ध मेला. बायाबापड्या रडल्या. (मराठी इंजिनिअरला मरायला सांगितलं तरी तो नीट मरतो, आणि मग तेच काम कायमचं गळ्यात पडतं.)

"आल्झो, म्हणजे बघा, असा ओग पुन्हा होणे नाही!" दिग्दर्शिका फ्राऊ हूबर म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा शोधलाच नाही. पुढची दोन वर्षंही तोच मेला.

मग गावात दमास्कसहून फारीद नावाचा दातांचा डॉक्टर आला. सहा फूट दोन इंच. शिवाय जुनं बाशान हल्ली बरंचसं सीरियातच पडतं. "गेनाऊ! अगदी बरोबर!" फ्राऊ हूबर म्हणाल्या. गौरांगला इस्रायलींचा भाला मिळाला. (मागच्या रांगेतला, पण भाला.)

तालमीत फारीदने हळूच विचारलं, "राजा मीच का?"

"उंची बघून," गौरांग म्हणाला.

"आधी कोण होतं?"

"होता कोणीतरी बाहेरचा."

प्रयोगात गौरांगने भाला ठरल्यापेक्षा जरा जास्तच खुपसला. टाळ्या पडल्या. बिअरच्या टेबलावर लोक सरकून बसले.

'हे जर्मन असलेच,' असं म्हणून वाचकांनी मान हलवली असेलच. तर आता आपल्या सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकात दरवर्षी राक्षस कोण होतो, ते आठवून बघावं. नाव आठवत नसेल, तर अभिनंदन. भाला तुमच्याच हातात आहे.