उभ्यानं पाहिलेला स्वीडन

कलेपुढे माणसानं नम्र असावं, यावर सर्वांचं एकमत आहे. मतभेद आहेत ते किती वेळ, एवढ्यापुरतेच. मालेगावच्या चित्रपट मंडळानं १९७४ साली हा प्रश्न कायमचा निकालात काढला.

मंडळाचे सचिव मारोतराव हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्या दिवशी त्यांच्या पोटात गोळा आला होता, कारण नागपूरहून चित्रपट मंडळांच्या महासंघाचे निरीक्षक आले होते. प्रेक्षक शेवटपर्यंत टिकले तर मंडळाची मान्यता कायम. उठून गेले तर फिल्मच्या पेट्या यापुढे शेजारच्या मंगरूळपीरच्या मंडळाला. (मागच्या कलात्मक चित्रपटाला शेवटपर्यंत दोघं होते: मारोतराव आणि कुलूप लावायला थांबलेला शिपाई लखमा.)

चित्रपट स्वीडनच्या एका थोर दिग्दर्शकाचा, त्यांना कोणीच ओळखत नव्हतं त्या काळातला. मालेगावात तो काळ अजून चालू होता.

सुरुवातीलाच पडद्यावर एक म्हातारा वारला. माणसं टोप्या काढून गप्प उभी राहिली. आता, मालेगावात कोणी गेलं की सभेत दोन मिनिटं उभं राहायची रीत. पहिल्या रांगेतले उकंडराव पाटील रीतीला पक्के. ते उठले. मागोमाग अख्खा हॉल उठला. यजमान उभे असताना बसणं बरं दिसेना, म्हणून निरीक्षकही उठले.

“कोन गेलं वो मास्तर?” मागून प्रयागबाईंनी विचारलं.

“स्वीडनचा बुढा हाये, बाई.”

“अरे देवा! आजारी होता का?”

श्रद्धांजली संपली हे कळायला कोणाला तरी बोलावं लागतं. पण चित्रपट कलात्मक असल्यामुळे पडद्यावर बराच वेळ कोणी बोललंच नाही. नायिका खिडकीतून समुद्र पाहत होती. समुद्रही काही बोलला नाही.

“मास्तर, बसाचं का आता? पाय भरून आले ना!” उकंडराव कुजबुजले.

“पाहुने उभे हाये ना पाटील. त्याइच्या आधी कसं बसता?”

पाहुणे मालेगावकरांची वाट पाहत होते, मालेगावकर पाहुण्यांची. बाहेर कोणीच गेलं नाही. श्रद्धांजली अर्ध्यावर सोडणारा माणूस तालुक्यात अजून जन्मायचा होता. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी पुढच्यांच्या टोप्यांनी झाकल्या गेल्या, त्यामुळे चित्रपट कळण्याची उरलीसुरली भीतीही गेली. मारोतरावांच्या पोटरीत गोळा आला. पोटातला मात्र विरघळला.

दिवे लागले. निरीक्षक धपकन बसले. हॉल धपकन बसला.

‘प्रेक्षकांनी संपूर्ण चित्रपट आदरानं उभं राहून पाहिला,’ निरीक्षकांनी अहवालात लिहिलं, ‘आणि संपल्यावरही ते कितीतरी वेळ अंतर्मुख होऊन बसून होते.’ (पायांना मुंग्या आल्या होत्या.) मान्यता कायम झाली. मंगरूळपीरच्या मंडळानं तर, म्हणतात, ईर्षेनं खुर्च्याच काढून टाकल्या.

त्या चित्रपटाचं नाव मात्र आजही मालेगावात कोणाला सांगता येत नाही. विचारायचं कोणाला सुचलंच नाही. सुज्ञ वाचकांनीही इथवर येऊन ते विचारलेलं नाही, याची मंडळानं नोंद घेतली असून त्यांचं सभासदत्व एकमतानं मंजूर झालं आहे.

आता बसायला हरकत नाही.