सगळे गोल काळे

"सर, आजीवन शिक्षण वर्गाचा निकाल कधी लागतो?"

हा प्रश्न मनस्विनीचा नव्हता. तो होता तिच्या शेजारी बसलेल्या जिक्राचा, आणि त्यावर पलीकडच्या राजश्रीने एक प्लेट मिरची भजी लावली होती. "तू नाही विचारणार. तू नुसती इथं बसून फुशारक्या मारून राहिलीस," असं जिक्रा म्हणाली, आणि दहावीतल्या मनस्विनीला आजकाल असं कुणी म्हणालेलं अजिबात खपत नसे. ती ताडकन उभी राहिली आणि शाळेच्या भरलेल्या सभागृहात, पाहुण्यांच्या भाषणाच्या ऐन मध्ये, घंटेसारख्या आवाजात तिने तो विचारला.

अपेक्षा अशी होती की पोरं हसतील, बाई डोळे वटारतील आणि शाळा सुटल्यावर भजी मिळतील. पोरं हसलीही. पण व्यासपीठावर अमृतराव सर बसले होते. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेले, त्यातली अकरा वर्षं मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून नांदेडमधल्या साठीपुढच्या लोकांसाठी हा वर्ग त्यांनीच काढला होता: दर शनिवारी दुपारी, याच सभागृहात, फी नाही, परीक्षा नाही, मध्ये चहा. ज्याला जे शिकायचं ते शिकावं. 'निकाल' हा शब्द सरांच्या कानावर पाच वर्षांनी पडला. त्यांचे डोळे पाणावले.

"शाब्बास!" ते म्हणाले. "या मुलीने आमच्या वर्गाची उणीव दाखवून दिली. निकाल नाही तो वर्ग कसला? पुढच्या महिन्यात परीक्षा! आणि ही मुलगी आमची परीक्षा सहायक."

टाळ्या पडल्या. मनस्विनी खाली बसली. "भजी?" तिने विचारलं. "आता काय भजी मागायलीस?" जिक्रा म्हणाली. "म्हाताऱ्यांची वाट लावली तू."

पुढच्या शनिवारी मनस्विनी वर्गावर गेली तेव्हा तिला वाटलं होतं तेवढं वाईट काही दिसलं नाही. तेवीस जण होते. टेलर सरदारचाचा मोबाइलवर दुबईच्या नातीला फोटो कसा पाठवायचा ते शिकायला येत. देगलूरकडचे गुंडप्पा, एसटीतले निवृत्त कंडक्टर, इंग्रजी बोलायला शिकत होते, कारण सून इंग्रजीत बोलली की ते आपल्याबद्दलच असतं असा त्यांना संशय होता. आणि साखराबाई. पोरांच्या मेसवर दिवसाला दीडशे भाकऱ्या थापणाऱ्या साखराबाईंना फक्त एक गोष्ट हवी होती, एसटीची पाटी वाचता येणं.

"माझी लेक हिमायतनगरला दिलीया," त्यांनी मनस्विनीला सांगितलं. "मागल्या खेपंला सरांनी 'ह' शिकवला. मी खुशीत स्टँडवर गेले, 'ह' बघून गाडीत बसले. उतरले तर हदगाव!"

"मग मावशी?"

"मग काय. हदगावात लेक न्हाई ना माझी. तिथंच बसून डबा खाल्ला अन् आले माघारी. आता पुढची अक्षरं शिकायची हायत. लेकीला सातवा लागलाय. दिवाळीच्या आत मला नीट जाता आलं पायजे, कुनाला न इचारता. लोक इचारलं की हसत्यात गं."

पण त्या शनिवारी पुढची अक्षरं झालीच नाहीत. सरांनी फळ्यावर चार गोल काढले होते.

"परीक्षा आधुनिक पद्धतीने होणार," त्यांनी जाहीर केलं. "पंचवीस प्रश्न. प्रत्येकाला चार गोल. बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. तपासणी मशीनवर!"

मशीन होतं मनस्विनीच्या बाबांचं. राघवेंद्र सरांचा क्लास गावात बऱ्यापैकी चालायचा, पण लातूरच्या क्लासेसपुढे तो त्यांना रोज थोडा थोडा खुजा वाटत असे. म्हणून त्यांनी यंदा उत्तरपत्रिका तपासणारं मशीन आणलं होतं. म्हाताऱ्यांचे पेपर फुकट तपासायला ते एका पायावर तयार झाले. "जाहिरात होते, मनू," ते म्हणाले. "साठीचे लोकसुद्धा आमच्या मशीनवर! लातूरला तरी हाय का असं?"

परीक्षा जाहीर झाली आणि तेवीस घरांमध्ये उलटे वारे वाहू लागले. सरदारचाचांच्या मुज्तबाने बापाचा मोबाइल काढून कपाटात ठेवला. "अब्बा, पेपर होऊ द्या, मग बघा फोटो." चाचा म्हणाले, "अरे, मैं मोबाइलच तो सीखने जाता हूँ!" पण मुज्तबाने लहानपणी बापाकडून हेच सगळं ऐकलेलं होतं, आणि आता ते शब्द न शब्द परत करायला मिळत होते. ती संधी तो कशाला सोडेल? गुंडप्पांना सून पहाटे भिजवलेले बदाम देऊ लागली आणि चहाच्या टपरीवर जायची बंदी झाली. "चाचांचे सरावाला अठरा आले, तुमचे सहा का?" असं ती विचारी, तेही मराठीत, म्हणजे समजलं नाही म्हणायची सोय नाही. "अय्यो, म्हातारपणी हे काय नशिबात आलं," असं म्हणत गुंडप्पा गोल काळे करत बसत.

वर्गातला चहा बंद झाला, वेळ वाया जातो म्हणून. इंग्रजी बंद, मोबाइल बंद. दर शनिवारी सराव परीक्षा आणि दारावर क्रमवारीची यादी. त्या यादीत तळाला कायम एकच नाव असे. ते कुणाचं आहे हे फक्त त्या नावाच्या मालकिणीला वाचता येत नव्हतं.

सरांनी साखराबाईंना बाजूला घेतलं. सरांचा आवाज अगदी प्रेमळ होता. मनस्विनीने तोच आवाज शाळेत बाईंच्या तोंडी, नववीतल्या काठावरच्या पोरांशी बोलताना ऐकला होता.

"साखराबाई, तुम्ही पुढच्या वर्षी बसा परीक्षेला. यंदा आपल्याला निकाल शंभर टक्के लावायचाय."

"मग मला अक्षरं कदी शिकवनार, सर?"

"परीक्षा झाल्यावर."

"लेकीचे दिवस थांबत्यात का सर परीक्षेसाठी?" साखराबाई म्हणाल्या. सरांनी घड्याळ बघितलं.

परीक्षेच्या दिवशी साखराबाई आल्याच. नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून, सगळ्यांच्या आधी पहिल्या बाकावर. तेवीस जण पाहिजेतच, हजेरी कमी दिसली की फोटो वाईट येतो, म्हणून सरांनीही तोंड मिटून घेतलं. मनस्विनीने पेपर वाटले. साखराबाईंनी उत्तरपत्रिका उलटी-सुलटी करून बघितली.

"पोरी, सरावाला म्या कोराच दिला. ह्यात करायचं काय असतं?"

मनस्विनीला नियम पाठ होते: सहायकाने उत्तर सांगायचं नाही. उत्तर तर ती सांगतच नव्हती. "गोल काळे करायचे, मावशी," ती कुजबुजली. "पूर्ण काळे. पण गोलाच्या बाहेर शाई जाऊ द्यायची नाही."

"एवढंच?" साखराबाईंचा चेहरा उजळला. दीडशे भाकऱ्या एकसारख्या गोल थापणाऱ्या बाईला हे काम म्हणजे काहीच नव्हतं. तासाभरात त्यांनी शंभरच्या शंभर गोल काळे केले. एक सोडला नाही, एकाची शाई बाहेर गेली नाही. पलीकडे सरदारचाचा घाम पुसत होते, आणि गुंडप्पा तीस वर्षांच्या सवयीने दर गोलाला पेनच्या टोकाने तिकिटासारखं भोक पाडत होते.

निकाल दोन दिवसांनी लागला. गुंडप्पांचा पेपर मशीनमध्ये अडकला आणि तो काढायला मेकॅनिक बोलवावा लागला. सरदारचाचांना बहात्तर. आणि प्रथम क्रमांक, शंभरपैकी शंभर: साखराबाई.

मनस्विनी उत्तरपत्रिका बघायला क्लासवर पळाली. बघितल्याबरोबर तिच्या लक्षात आलं. मशीन फक्त बरोबरचा गोल काळा आहे का ते बघत होतं. बाकीचे तीन काळे आहेत की कोरे, हे बघायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, हे..."

"काय निकाल लागलाय, मनू!" बाबा फोनवर होते आणि दुसऱ्या कानालाही फोन होता. "भाकऱ्या थापणारी बाई, शंभर पैकी शंभर! लातूरवाल्यांनी बघत बसावं. फ्लेक्स छापायला गेलाय!"

सकाळी चौकात फ्लेक्स झळकला. साखराबाईंचा हात जोडलेला फोटो, बाजूला सोनेरी अक्षरं. साखराबाई त्याच्याखाली पाच मिनिटं उभ्या राहिल्या. शाळेला निघालेली मनस्विनी दिसली तशी त्यांनी तिला हाताने ओढलंच.

"फोटू माझा हाय, त्ये कळलं. बाजूला काय लिव्हलंय?"

"तुमचं नाव, मावशी. साखराबाई."

साखराबाईंनी बोट उंच करून एकेक अक्षर न्याहाळलं. मग त्यांचं तोंड पडलं. "ह्यात 'ह' कुठंच न्हाई की गं," त्या म्हणाल्या. "म्हंजे माझ्या नावातलं एकबी अक्षर मला येत न्हाई?"



दुपारी मेसच्या दारात आया जमल्या. लेकरांना दंडाला धरून आणलेलं होतं.

"साखराबाई, रोज किती वाजता उठता?"

"चारला." पीठ मळायला वेळ लागतो, हे विचारलंच कुणी नाही.

"बघ! चारला उठतात!" एक पोरगं गदागदा हलवण्यात आलं. "आणि जेवण?"

"उभ्यानं. बसायला सवड कुठं असती?"

"बघ! उभ्यानं जेवतात! आणि टीव्ही?"

"टीव्ही न्हाई माझ्याकडं."

"मोबाइल?"

"त्योबी न्हाई."

आयांनी एकमेकींकडे अर्थपूर्ण बघितलं. त्या एका दुपारी नांदेडमधल्या किती घरांचे टीव्ही बंद झाले याची मोजदाद कुणी केली नाही. "पेपर कसा सोडवला पण?" एकीने शेवटी विचारलं. साखराबाईंनी खरं खरं सांगितलं, "समदे गोल भरले. एकबी सोडला न्हाई." ती बाई लेकाकडे वळली. "ऐकलंस? एकही सोडला नाही! तू सात सोडून आलास!"

शनिवारी साखराबाई वर्गावर गेल्या, पाटी-पेन्सिल घेऊन. अमृतराव सरांनी हजेरीपटातल्या त्यांच्या नावावर लाल रेघ मारलेली होती.

"तुम्ही आता आमच्या माजी विद्यार्थिनी," सर अभिमानाने म्हणाले. "शंभर टक्के घेणाऱ्या बाईला मी 'हि' आणि 'मा' शिकवू? लोक काय म्हणतील? रविवारी सत्काराला तेवढ्या या. भाषण करा चार शब्द."

साखराबाई बाहेर पायरीवर बसल्या. मनस्विनी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"पोरी, सातवा संपून आठवा लागला लेकीला," त्या म्हणाल्या. "नापास असते तर शिकवलं असतं ना सरांनी?"

"हाव, मावशी."

"मग मला नापास व्हायचंय. त्याचा अर्ज असतो का काई?"

मनस्विनीने वहीचं पान फाडलं. गुण वाढवून मिळावेत म्हणून अर्ज कसा करायचा हे शाळेत शिकवलेलं होतं. गुण कमी करून मिळावेत याचा नमुना कुठल्याच पुस्तकात नव्हता, तो तिने स्वतः तयार केला. साखराबाईंनी खाली काढून दिलेल्या गोलात अंगठा उठवला, आणि गोलाच्या बाहेर शाई जाणार नाही याची काळजी घेतली.

संध्याकाळी घरी बाबा सत्काराच्या नारळांची यादी करत होते. आई, बँकेतून नुकतीच आलेली, शेंगा सोलत होती. मनस्विनीने अर्ज त्यांच्यापुढे ठेवला, आणि मग क्लासवरून आणलेली उत्तरपत्रिका. बाबांनी शंभर काळे गोल बघितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गोल तेवढेच होते.

"हे कुणाला दाखवू नको," ते म्हणाले.

"उद्या सत्कारात दाखवणार आहे."

"मनू, डोकं ठिकाणावर हाय का? चाळीस ॲडमिशन झाल्यात ह्या फ्लेक्सवर! लोक म्हणतील, बाकीच्या पोरांचे पेपर पण असेच तपासले."

"असेच तपासलेत की, बाबा."

आईने शेंग अर्धी सोलून ठेवली. "बरोबर बोलतेय ती," आई म्हणाली.

"तू थांब गं." बाबांनी शेवटचं अस्त्र काढलं. "बाईसाहेब, आपल्या क्लासच्या मागच्या टेस्टला तुमचा तिसरा नंबर आलाय, तो ह्याच मशीनवर. तेव्हापासून तर तोंड उघडलंय तुमचं चारचौघात. कळलं ना?"

मनस्विनीला कळलेलं होतं. पायरीवर बसल्या बसल्याच कळलं होतं. त्या टेस्टमध्ये नऊ प्रश्नांना तिने दोन दोन गोल काळे केले होते, हे नाही तर ते बरोबर येईल म्हणून. सगळ्यांचे मार्क मिळाले तेव्हा तिने ते आपल्या हुशारीच्या खात्यात टाकले होते, आणि त्या दिवसापासून ती मान वर करून चालत होती. आता तिची मान जराशी खाली गेली. मग परत वर आली.

"कळलं ना, म्हणून तर दोन अर्ज लिहिलेत," तिने दुसरा कागद आईच्या शेंगांवर ठेवला. "आई, बाबा, माझं ठरलंय. उद्या साखरामावशी आणि मी, दोघी स्टेजवर जाऊन एकदमच नापास होणार."