गाडी सुरू न होण्याची कारणे

तिसऱ्या प्रयत्नालाही गाडीने हूं की चूं केलं नाही, तेव्हा बाबांनी खिशातून वही काढली. छत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस. नोंद झाल्याशिवाय बिघडलेल्या उपकरणाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम निवृत्तीनंतरही कामावर हजर होता. तापमान, हवेतला दमटपणा, टाकीतलं पेट्रोल, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला, सगळं लिहायचं. मग घरात जाऊन ताईला, म्हणजे थोरल्या बहिणीला, 'येणं जमत नाही' असा फोन करायचा. ताई काही फोन लवकर सोडत नसत. अर्ध्या तासाने बाबा पाने-पकडी घेऊन बाहेर यावेत, तर गाडी पहिल्या चावीला सुरू.

मेकॅनिकने केव्हाच हात टेकले होते. "काका, आजारी असताना दाखवा हो. माझ्याकडे येते तेव्हा ती माझ्यापेक्षा धडधाकट असते."

मुलाचं मत साधं होतं. "बाबा, बावीस वर्षांची झाली. भंगारात द्या."

"बावीस वर्षांचा होतास तेव्हा तूही सकाळी सुरू होत नव्हतास. तुला दिलं का कुठे?"

तरीही मागच्या वेळी रागाच्या भरात बाबा बोलून गेले होते, "पुन्हा एकदा बंद पडली, तर खुशाल घेऊन जा." मुलगा आज तेच धरून बसला. बाबांची नोंद तापमानापर्यंत येते न येते, तोच त्याने भंगारवाल्याला फोन लावला. वीस मिनिटांत त्याचा टेम्पो फाटकाशी उभा राहिला.

बाबा गाडीला पाठ लावून उभे राहिले. घरातली ही एकच वस्तू त्यांनी कुणालाही न विचारता आणली होती, आणि ती जाणार या विचाराने त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं. "अजून आर्द्रता लिहायची आहे," ते म्हणाले.

"लिहा की. मग ओढतो," भंगारवाला म्हणाला.

"कुणी काही ओढायचं नाही." बाहेर जायच्या कपड्यांत तयार होऊन पायरीवर बसलेली आई उठली. तिने बॉनेट उघडलं, पर्समधून दहा नंबरचा पाना काढला आणि बॅटरीची वायर आवळली. "फिरवा चावी."

गाडी सुरू झाली.

"आई, तुला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? मीच सैल करते. वन्संकडे जायचं असलं की. हे फोनवर असले की परत आवळते. आज तुम्ही दोघं इथून हलाल तर ना."

बाबांनी वही चाळली. बारा नोंदी होत्या. कुठे निघालो होतो, हा रकाना मात्र आखलेलाच नव्हता.

"तीस वर्षं त्या मला दारातच वरपासून खालपर्यंत बघतात आणि म्हणतात, 'फार थकलीस गं.' मी थकलेली नाही. आणि यापुढे त्या घरी जाणारही नाही. काय करायचं ते करा."

"अगं, मग तोंडाने सांगायचं ना."

"सतरा वेळा सांगितलं. तुम्ही लिहून घेतलं नाहीत."

भंगारवाल्याने टेम्पो मागे घेतला. बाबांनी स्टिअरिंगमागे बसूनच मोबाइल काढला.

"ताई, आम्ही येत नाही. नाही, गाडीला काही झालेलं नाही. हा बघ आवाज." त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला आणि अॅक्सिलरेटर दाबला. "हिला यायचं नाही, म्हणून येत नाही. आणि ती थकलेली नाही."

पलीकडे ताईंना काही सुचेना. आई शेजारी येऊन बसली, तिने पट्टा लावला.

"आता काढा गाडी," ती म्हणाली, "त्या परत बोलायला लागायच्या आत."