दार देऊ नये

मुलाने लॅपटॉपचं खोकं टेबलावर ठेवलं तेव्हा मेट्रनबाई राउंडवर होत्या. म्हणजे बसल्या होत्या खुर्चीतच, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या जुन्या कम्प्युटरसमोर. पण सकाळी नऊ ते साडेनऊ ही राउंडची वेळ, आणि इस्पितळातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ती कधी चुकलेली नव्हती. पडद्यावर एक दुमजली घर होतं. घरातल्या एकेका माणसावर बाण नेऊन कोणाला भूक लागली आहे, कोणाची आंघोळ राहिली आहे, हे त्या बघत होत्या आणि शेजारच्या वहीत टिपून घेत होत्या. वहीला वॉर्डातल्यासारखे रकाने आखलेले होते.

"आई, हे तुला," मुलगा म्हणाला. "नवीन लॅपटॉप आहे, आणि त्यात तुझ्या गेमचं नवं व्हर्जन टाकलंय. फाइव्ह. तू अजून टू खेळत बसलीस. जग कुठल्या कुठे गेलं."

"जाऊ दे की," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी कुठे त्याला अडवलंय?"

मुलगा हसला. त्या दिवशी तो फारच गोड वागत होता. सकाळी त्याने स्वतःचा कप स्वतः विसळला होता. मेट्रनबाईंना तिथेच शंका यायला हवी होती, पण राउंड चालू असताना त्या दुसरा विचार करत नसत. फाइव्हमधली माणसं कशी हुबेहूब दिसतात, त्यांना स्वतःचं मन कसं असतं, हे मुलाने दहा मिनिटं समजावून सांगितलं. मग हळूच म्हणाला की जुना डबा आता काढून टाकू, कोपरा मोकळा होईल. रविवारी तो स्वतः बसून, टूमधलं काय काय नव्यात नेता येतं ते एकदा उघडून बघणार होता.

उघडून बघणार म्हटल्यावर मात्र मेट्रनबाईंच्या हातातलं पेन थांबलं.

हा गेम त्यांना मुलानेच आणून दिला होता. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या चार घरांतली औषधांची कपाटं तपासली आणि मुदत संपलेल्या बाटल्या परस्पर फेकून दिल्या, तेव्हा आईला काहीतरी उद्योग हवा, असं घरात सर्वानुमते ठरलं. गेम साधा होता. माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, खाऊपिऊ घालायचं, नोकरीला लावायचं. मेट्रनबाईंनी आठवड्याभरात आपलंच कुटुंब आत घातलं. त्या स्वतः, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक असलेले त्यांचे यजमान, म्हणजे मास्तर, आणि मुलगा. लग्नानंतर सूनबाईही रीतसर दाखल झाली.

टूमधल्या माणसांना अक्कल म्हणून नव्हती. सांगितल्याशिवाय ती जेवत नसत. शेगडीने पेट घेतला तर विझवायचं सोडून तिच्यासमोर हात वर करून नाचत. मेट्रनबाईंना ती मनापासून आवडायची, कारण चाळीस वर्षं त्यांनी अशाच लोकांना सांभाळलं होतं.

फक्त एक गोष्ट होती, जी मुलाने बघून चालणार नव्हतं. त्या घरात, वरच्या मजल्यावर, डाव्या हाताला एक खोली होती. तिच्यात पलंग होता, शेगडी होती, न्हाणीघर होतं, पुस्तकांचं कपाट होतं, माशांची टाकीसुद्धा होती. दार नव्हतं. आणि त्या खोलीत नऊ वर्षं मुलगा राहत होता.

तरी गुरुवारी त्यांनी फाइव्ह खेळून बघितला. फाइव्ह खरंच चांगला निघाला असता तर टू मुकाट्याने पुसून टाकायचा आणि रविवारची भानगडच मिटवायची, असा त्यांचा हिशेब होता. सूनबाईने सगळं लावून दिलं. माणसं दिसायला हुबेहूब होती यात शंका नाही. मास्तरांचं टक्कलसुद्धा बरोबर जमलं होतं. मेट्रनबाईंनी त्या मास्तरांना आंघोळीला पाठवलं. त्यांनी मान हलवली आणि ते टीव्ही बघायला बसले. पुन्हा पाठवलं, पुन्हा मान हलवली. मुलाला जेवायला वाढावं म्हणून त्या स्वयंपाकघराकडे वळल्या, तर मुलगा स्वतःच करून, खाऊन, भांडी घासून मोकळा झाला होता. पाऊण तास त्यांना कोणी काही विचारलं नाही. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक सूचना आली: आई सध्या कंटाळल्या आहेत, त्यांना एखादा छंद सुचवा.

मेट्रनबाईंनी लॅपटॉप बंद केला. त्यांना वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"जिथले पेशंट स्वतःच गोळ्या घेतात, स्वतःच बरे होतात, त्या वॉर्डात मी काय भिंतीला टेकून उभी राहू?" त्यांनी मास्तरांना विचारलं. "मी टू सोडणार नाही. हा कम्प्युटर इथून हलणार नाही. कोणाला काय करायचं ते करू दे."

मास्तरांनी विचारलं की मग रविवारी त्या खोलीचं काय करायचं. त्यांना खोलीचं माहीत होतं. गेली नऊ वर्षं ते मूग गिळून गप्प बसले होते.

"कम्प्युटर बिघडला म्हणून सांगायचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "चालूच झाला नाही तर उघडून काय बघणार? धूर आला म्हणा."

त्यांनी कम्प्युटरची वायर काढली आणि कपाटात चादरींच्या चळतीत, खालून तिसऱ्या चादरीच्या घडीत दडवली. आता यापुढे काही होणार नाही, असं त्यांना वाटलं. पण चाळीस वर्षं हुकूम सोडण्यात गेलेल्या माणसाला खोटं बोलायची सवय नसते. आई अपराधी चेहऱ्याने बिघाडाची बातमी सांगते आहे हे पाहून मुलाला भलताच कळवळा आला. त्याला वाटलं, आपण डबा काढायचं बोललो त्याचाच आईने धसका घेतला. त्याने तिला सांगितलं की काळजी करू नकोस, काही झालं तरी तुझी माणसं मी वाचवीन. आणि रविवारपर्यंतही न थांबता शनिवारी सकाळी तो दुरुस्तीवाल्याला घेऊन आला.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा, शांत गृहस्थ होता. चष्मा कपाळावर सरकवून त्याने नक्की काय झालं ते विचारलं.

"धूर आला," मास्तर म्हणाले, "असं सांगायचं ठरलंय."

दुरुस्तीवाल्याने मास्तरांकडे पाहिलं, मग टेबलामागे वाकून पाहिलं, आणि मावशी, याला वायरच नाही की, असं म्हणून आपल्या पिशवीतली वायर काढून जोडली. मावशी नाही, मेट्रन म्हणा, असं मेट्रनबाईंनी त्याला सुनावलं, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. कम्प्युटरचा जुना पंखा घरघरू लागला. हा कम्प्युटर सुरू झाला की गेम आपोआप उघडत असे, कारण राउंडला एक मिनिट उशीर झालेला मेट्रनबाईंना खपत नसे. त्या उठून पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

कम्प्युटर सुरू व्हायला वेळ घेत होता. तेवढ्यात बिघाड कधीपासून आहे ते बघावं म्हणून दुरुस्तीवाल्याने शेजारची वही उचलली. एवढे नीट रकाने आखलेली वही यंत्राचीच असणार, असा त्याचा समज झाला. तो मोठ्याने वाचू लागला.

"सोमवार. मुलगा. जेवण दिलं, आंघोळ झाली. दुपारी भिंतीवर थापा मारल्या. दार मागतो. देऊ नये." त्याने पान उलटलं. "मंगळवार. मुलगा. बराच वेळ ओरडला. प्रकृती स्थिर. दार देऊ नये."

त्याने वही सावकाश खाली ठेवली आणि मुलाला नखशिखान्त न्याहाळलं.

"साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही ठीक आहात ना?"

मुलाने वही घेतली, पानं चाळली आणि आईला हाताला धरून बाजूला केलं. पडद्यावर घर उघडलं होतं. मास्तर बागेत पाणी घालत होते. वर डाव्या हाताच्या खोलीत एक माणूस दोन्ही हात हलवून थेट बाहेर बघत ओरडत होता. सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तीही बघत उभी राहिली.

"हा मी आहे?" मुलाने विचारलं.

"शर्ट तर तुझाच आहे," मास्तर म्हणाले.

"किती दिवस झाले?"

"नऊ वर्षं," मेट्रनबाई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा आवाज परत आला होता. "आणि एक दिवस उपाशी ठेवलेलं नाही तुला. वहीत बघ. एकदा पडसं झालं होतं, तेही उतरवलं."

सूनबाईने आपण कुठे आहोत ते विचारलं. मेट्रनबाईंनी गच्चीकडे बोट दाखवलं. तिथे सूनबाई फुलझाडांच्या मधोमध आरामखुर्चीत वाचत बसली होती. तिने वाकून नीट पाहिलं आणि गच्ची छान आहे, म्हणाली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती पुन्हा सरळ उभी राहिली.

मेट्रनबाईंनी झालं ते सांगून टाकलं. नऊ वर्षांपूर्वी एकदा त्या दूध तापवायला आत गेल्या होत्या. तेवढ्यात गेममधल्या मुलाला कसलं तरी नोकरीचं पत्र आलं, त्याने बॅग भरली आणि टॅक्सीत बसून तो निघून गेला. टूमध्ये घर सोडून गेलेलं माणूस परत येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातलं त्याचं चित्रसुद्धा पुसलं जातं. त्यांनी आदल्या दिवशी साठवून ठेवलेला गेम पुन्हा उघडला आणि पत्र यायच्या आत खोलीचं दार काढून तिथे भिंत घातली.

"आई, अगं हा गेम आहे," मुलगा म्हणाला.

"मग तुला कशाला लागलं?"

सूनबाईने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "सांगून टाक आता," ती म्हणाली. "याहून चांगली वेळ काही येणार नाही."

आणि मग ते बाहेर पडलं. ऑफिसजवळ जागा घेतली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, इथून दोन तासांवर. पुढच्या महिन्यात राहायला जायचं होतं. महिनाभर सांगायचं म्हणत होता, पण जीभ रेटत नव्हती, म्हणून आधी लॅपटॉप आणला होता. बोलताना मुलगा जमिनीकडे बघत होता. दुरुस्तीवाला आपलं सामान गोळा करायला लागला, तेव्हा मेट्रनबाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि तो बसला.

"मला वाईट वाटतंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "फार वाईट वाटतंय, आणि ते मी लपवणार नाही. तुला जायचंय तर उजळ माथ्याने जा. पण हातात खेळणं देऊन इंजेक्शन टोचायचं, हे मी लहान मुलांच्या वॉर्डात करत होते. माझ्यावर करायचं नाही."

त्या खुर्चीत बसल्या, माऊस हातात घेतला आणि वरच्या मजल्यावरच्या त्या भिंतीत दार बसवलं. चांगलं रुंद, काचेच्या तावदानांचं, यादीतलं सगळ्यात भारी दार.

गेममधला मुलगा ओरडायचा थांबला. तो बाहेर आला. जिना उतरून खाली गेला, फ्रिज उघडून दूध प्यायला, सोफ्यावर बसला आणि उठला. खरा मुलगा खुर्चीच्या पाठीला धरून बघत होता. मग दारावर पोस्टमन आला. नऊ वर्षं अडकून पडलेलं ते पत्र त्याने आणलं. गेममधल्या मुलाने ते वाचलं, कुठूनशी एक बॅग काढली आणि तो फाटकाकडे चालू लागला. बाहेर टॅक्सी येऊन उभी राहिली होती.

"थांबव त्याला," मुलगा म्हणाला.

मेट्रनबाई हलल्या नाहीत. तो माणूस बागेतल्या मास्तरांच्या शेजारून गेला, त्यांच्याकडे न बघता. मुलाने आईच्या हातातून माऊस ओढून घेतला आणि कोणाला काही कळायच्या आत फाटकाच्या जागी भिंत घातली. गेममधला मुलगा भिंतीपुढे बॅग घेऊन उभा राहिला आणि हात वर करून ओरडू लागला.

"बाबांशी एक शब्द बोलला नाही," मुलगा म्हणाला. "असा कसा जातो?"

"हात काढ," मेट्रनबाई म्हणाल्या. "राउंडवर मी आहे."

त्यांनी त्याचा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला, भिंत काढली आणि फाटक परत बसवलं. गेममधला मुलगा टॅक्सीत बसला. टॅक्सी पडद्याच्या कडेपर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. कोपऱ्यातलं त्याचं चित्र पुसलं गेलं. सूनबाईने डोळे पुसले. दुरुस्तीवाल्यानेही चष्मा काढून उगाच पुसला.

मेट्रनबाईंनी वही पुढे ओढली आणि ठळक अक्षरात लिहिलं. मुलगा. डिस्चार्ज. तब्येत चांगली. दर रविवारी सपत्नीक जेवायला हजर राहावे. कोणतीही सबब चालणार नाही. त्याखाली एक ओळ सोडून लिहिलं, जुना कम्प्युटर जागेवरून हलवू नये. मग वही मुलासमोर धरली, कारण सहीशिवाय त्यांनी आजवर कोणालाही घरी सोडलं नव्हतं. मुलाने सही केली. सूनबाईने केली. साक्षीदार म्हणून दुरुस्तीवाल्यालाही करावी लागली.

सगळे चहाला आत गेले, तेव्हा मास्तर मागे रेंगाळले. टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आता हा कोणाच्या कामाचा नसेल तर मी वापरू का? त्यातले मास्तर मला बरे वाटले. निवांत आहेत."

मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मास्तर, त्यांनी लिहिलं. लॅपटॉप मागतात. देऊ नये.